पाठ आधी टेकली, विसावा नंतर

हे मी आडवी पडूनच लिहिते आहे. आता बसता येतं, पण इतके महिने पडून काढल्यावर लिहायचीसुद्धा तशीच सवय लागली. ज्यांच्या मणक्यात टीबी निघाला आहे, आणि ज्यांच्या घरी येणारे लोक ‘प्रार्थना करा, सगळं ठीक होईल’ एवढं म्हणून चहा पिऊन जातात, त्यांच्यासाठी हे आहे. गोळ्यांची नावं मी सांगणार नाही, ती तुमचे डॉक्टर सांगतील. माझ्यावर काय बेतलं आणि त्यात माझं डोकं कुठे फिरलं, तेवढंच सांगते. मी बोलायला जरा फटकळ आहे, ते आधीच सांगून ठेवते.

पातेल्याचं दुखणं

मी प्रमिला. देवरी तालुक्यात एका आश्रमशाळेत स्वयंपाकीण आहे. पोरांसाठी भाताची मोठाली पातेली उतरवायची, म्हणजे कंबर दुखणारच, असं मी धरून चालले होते. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, तर चुलीची धग म्हणायची. पोलकं ढिलं व्हायला लागलं, तर मंडळीतल्या बाया म्हणाल्या, सिस्टर, छान बारीक झाल्या. मी खूश.

मंडळी म्हणजे आमच्या चर्चची माणसं. एका शेडमध्ये उपासना होते, पंचवीस-तीस घरं. तिथलं झाडणं, सतरंज्या अंथरणं, रविवारच्या शाळेत पोरांना शिकवणं, शुक्रवारची उपासप्रार्थना, नाताळचं जेवण, सगळीकडे मी. कोणी सांगितलं नव्हतं. मी नसले तर कसं होईल, असं मला वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तसं वाटायला आवडायचंही. थकलेल्यांना आपल्याकडे बोलावून विसावा देणाऱ्या प्रभूचं ते वचन मी कितीतरी पोरांकडून पाठ करून घेतलं असेल. आणि आठवड्यात सगळ्यात जास्त मी थकायची ती रविवारी.

घरात मिस्टर आणि सासू. मुलगी लग्न होऊन बालाघाटला गेली. मिस्टर देवरी ते गोंदिया काळीपिवळी जीप चालवतात. ते आणि सासू आमच्या मंडळीत येत नाहीत. त्यांच्या घराण्याचे देव जंगलाकडचे, जुने. लग्नात कोणी कोणाला बदलायचं नाही असं ठरलं होतं, आणि तोवर ते निभलं होतं. सासूला मी माय म्हणते.

एका सकाळी पातेलं उचलायला वाकले ती सरळच होईना. दोन बायांनी धरून मला बाकड्यावर निजवलं. मिस्टर जीपमधल्या सवाऱ्या उतरवून धावत आले.

निदानाचा दिवस

गोंदियाला एका हाडांच्या डॉक्टरांनी मशीनच्या भुयारात घालून माझी पाठ तपासायला लावली. आत धडधड आवाज, आणि हलायचं नाही. मी डोळे मिटून सगळी भजनं म्हणून टाकली.

डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली. मिस्टर बाजूला उभे होते, हातात जीपची चावी.

“टीबी है, रीढ़ में,” डॉक्टर म्हणाले.

मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, मले तर खोकलाच नाही.”

“खांसी नहीं है तो टीबी नहीं, ऐसा नहीं होता बहनजी. हड्डी में भी होता है.” मग त्यांनी पेनाच्या टोकाने एक पांढरट डाग दाखवला. तिथे पू साचला होता आणि बाजूने पायांच्या नसा जात होत्या. गोळ्यांनी पू सुकला तर उत्तम. नाहीतर तो नसांवर दाबेल. मग ते मराठीत आले, मला नीट कळावं म्हणून. “बसायचं नाही, उभं राहायचं नाही. फळीवर सरळ पडायचं. कूस बदलायची तरी दोघांनी धरून. आणि पायात मुंग्या आल्या, पाय बधिर वाटला, तर त्याच वेळी फोन करायचा. उशीर झाला तर पाय परत येतील याची खात्री मी देणार नाही.”

मिस्टरांच्या हातातली चावी खाली पडली. ती त्यांनी उचलली आणि पुन्हा पाडली. परतीच्या वाटेवर आमगावला त्यांनी जीप थांबवून माझ्यासाठी चहा आणला. मी मागे आडवी होते, मला पिता येईना. तेव्हा त्यांनी दुकानातून नळी मागून आणली. आमच्यापैकी कोणीच रडलं नाही. मला वाटतं, दोघंही दुसऱ्याने सुरुवात करायची वाट बघत होतो.

फळीवर

समोरच्या खोलीत तख्त टाकलं. वर गादी नाही, नुसती घोंगडी. सकाळी उपाशीपोटी गोळ्या. पहिल्याच दिवशी लघवी केशरी झाली, आणि माय घाबरून ओरडायला लागली, सुनेला रक्त जाऊन राहिलं म्हणून. गोळ्यांमुळे होतं, हे आम्हाला सरकारी दवाखान्यातल्या पोरीने सांगितलं होतं, पण मायला सांगायचं राहून गेलं. तेवढ्या दिवसांत तेच एक हसणं.

बाकी सगळं अवघड. लघवी-संडासाचं भांडं मायच देत होती. सासूने सुनेचं भांडं उचलायचं, ही कल्पना करून बघा. मी पहिल्या दिवशी तोंडावर पदर घेतला. ती म्हणाली, “पदर कायले घेतं वो? तुया पोरीचं मीच केलं ना सगळं. तू काय तिच्यापेक्षा मोठी आहेस?” मला तिचं बोलणं लागलंही आणि बरंही वाटलं.

लोक म्हणायचे, चला, या निमित्ताने तरी आराम मिळाला. मला त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटायचं. पाठ फळीला टेकली होती, पण आत धानाची गिरणी चालू होती. शाळेत पोरांना कच्चा भात मिळत असेल. शेडमध्ये कोणी झाडलं असेल? मिस्टर दोन फेऱ्या कमी करतात, माझ्यामुळे. आणि या सगळ्याखाली एकच विचार, पाय. दिवसातून किती वेळा मी बोटं हलवून बघायची, त्याला गणतीच नाही.

आमच्यात असं बोलत नाहीत

आता जे सांगते ते बाहेरच्यांना वेडेपणा वाटेल. पण आमच्यासारख्या मंडळ्यांमध्ये वाढलेल्यांना लगेच कळेल.

आमच्यात दुखणं तोंडाने कबूल करत नाहीत. कोणी विचारलं कशी आहेस, तर म्हणायचं, प्रभूची स्तुती, बरी आहे. ताप एकशे तीन असला तरी. जे तोंडाने बोलाल ते खरं होतं, आणि बरं झालो असं आधीच बोललं की देव ते पुरं करतो, अशी शिकवण. उलट ‘दुखतंय’ म्हणालात तर अविश्वास. मी स्वतः कितीतरी बायांना टोकलं होतं, असं बोलू नका म्हणून.

तर मंडळीने माझ्यासाठी साखळी प्रार्थना लावली. दिवसभर कोणी ना कोणी उपाशी राहून माझ्यासाठी मागायचं. सुगीचे दिवस, बाया धान कापून यायच्या आणि तरी उपास धरायच्या. येऊन विचारायच्या, “सिस्टर, कसं वाटून राहिलं?” आणि मी म्हणायची, “प्रभूची स्तुती, पाठ हलकी झाली.” त्यांचे चेहरे फुलायचे. मग पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगितलं जायचं, सिस्टर बऱ्या होऊन राहिल्या. मी फळीवर पडून बरी होत चालले होते, आणि ते बरं होणं मलाच दररोज निस्तरावं लागत होतं.

एका दुपारी मी पायाकडे बघत पडले होते. डाव्या अंगठ्यावर एक डास बसला. पोट लाल होईस्तोवर पीत राहिला. मी बघत होते आणि मला काही लागतच नव्हतं. मांजर हाकायला मायने उशाशी ठेवलेली काठी घेऊन मी त्या अंगठ्याला टोचलं. काठी टेकलेली दिसत होती, पण समजत नव्हती.

डॉक्टरांचा शब्द न् शब्द आठवला. फोन उशाशी होता.

मी फोन केला नाही. बधिर म्हणाले की बधिर होईल, असं मला वाटलं. एवढ्या बाया उपाशी राहून मागतात आणि मी पायाचं रडगाणं गायचं? हा सैतानाचा घाला आहे, उतरेल, असं मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळी मिस्टरांनी आल्याआल्या विचारलं, “पाय बरे आहेत ना?” मी म्हणाले, “बरे आहेत, प्रभूची स्तुती.” ते त्यांच्या देवांना मानणारे, पण माझ्या तोंडचा शब्द त्यांना पुरायचा. ते हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी पाऊल पुरतं गेलं. तिसऱ्या दिवशी घोट्याच्या वर. मी चादर ओढून घेत होते, कोणी हात लावू नये म्हणून. मायने तळव्याला तेल लावायला घेतलं तर खेकसले तिच्यावर. ती तेलाची वाटी घेऊन मागे सरली, पण तिचं लक्ष माझ्यावरून हटेना. जेवण खाली उतरत नव्हतं. प्रार्थना म्हणजे नुसती हमाली झाली होती. एक क्षण मन ढिलं सोडलं तर पाय जातील, असं वाटायचं, म्हणून झोपायलाही भ्यायची.

तो रविवार

मंडळीने ठरवलं की उपासाची साखळी आमच्या घरी पुरी करायची. उपासना आटोपून सगळे आले. अंगणात सतरंज्या, खोलीत मावतील तेवढे, बाकी खिडकीशी. ढोलक, खंजिरी. आमचे पास्टर पन्नाशीचे, साधे गृहस्थ. मोटारसायकलवरून आले, धूळ झटकून आत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही वाईट नव्हतं, आताही नाही.

भजन चढत गेलं. पास्टरांनी डोळे उघडले. “आज आपण देवाले फक्त मागणार नाही,” ते म्हणाले. “आज आपण विश्वासाने पाऊल टाकू. सिस्टर, प्रभूच्या नावाने तुम्ही आज उभ्या राहाल.” आणि हात पुढे केला.

खोलीत हालेलुया सुरू झालं. एक बाई रडायला लागली. मी त्या हाताकडे बघत होते. दाराच्या चौकटीत मिस्टर उभे होते. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांना माहीत होतं. पण एवढ्या लोकांत, माझ्या देवाच्या कामात, बोलावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं. चौकट धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती. त्यांच्यामागे माय.

तेव्हा माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते जसंच्या तसं सांगते. उठले तर पडणार, हे मला ठाऊक होतं. डावा पाय मला कुठे आहे तेच समजत नव्हतं, तो टेकणार कसा? आणि नाही उठले तर हे सगळे उपाशी परत जाणार, माझ्या अविश्वासामुळे. खरंच सांगते, दोन्हींत मला दुसऱ्या गोष्टीची भीती जास्त वाटत होती. मी कोपर टेकवलंसुद्धा.

आणि माझा संताप झाला. कोणावर ते सांगता येणार नाही. पास्टरांवर, स्वतःवर, आणि देवावरही. मी इतके महिने पडून राबते आहे, न भिण्याचं काम करते आहे, बरी असण्याचं काम करते आहे, आणि आता उठून दाखवण्याचंही काम मीच करायचं? मग तू काय करणार? असं मी मनात म्हणाले. देवाला मी पहिल्यांदा अशी बोलले.

“पास्टर,” मी म्हणाले, “मी उठणार नाही.”

ढोलक थांबलं.

“माझा डावा पाय मले समजतच नाही. चार-पाच दिवस झाले. डास चावला तरी समजत नाही. मले भेव वाटून राहिलं. मी आजपर्यंत सगळ्याईले खोटं सांगितलं.”

कोणीतरी मोठ्याने प्रार्थना सुरू केली, अविश्वासाच्या आत्म्याला धमकावणारी. मी म्हटलं, “तुम्ही जरा गप बसा.” माझ्या तोंडून ते असं निघालं की ती व्यक्ती खरंच गप बसली.

माय माणसांतून वाट काढत आली. चादर फेकली आणि माझा तळवा नखाने ओरबाडला. मी काहीच बोलले नाही, कारण मला काही झालंच नव्हतं. तिने कपाळाला हात लावला. “काऊन सांगितलं नाही वो? काऊन?” मिस्टर तोवर जीपकडे पळाले होते. जीपची मागची सीट काढण्याचा आवाज मी आतून ऐकत होते.

पास्टरांचा हात अजून पुढेच होता. त्यांनी तो हळूच माझ्या घोट्याखाली घातला. “फळीसकट उचला,” ते पुरुषांना म्हणाले. “कोणी तिले वाकवू नका.”

जीपमध्ये

डॉक्टरांनी फोनवर एकच सांगितलं होतं, लिटाके लाओ, बैठाना मत. मिस्टर गाडी अशी चालवत होते की खड्डा दिसला की आधी तेच कण्हायचे. माय माझ्या डोक्याशी. पास्टर पायांशी, फळी घट्ट धरून, उकिडवे.

मग पास्टर म्हणाले, “सिस्टर, मी पण भेलो होतो. मंडळीत माणसं कमी होऊन राहिली. मले वाटलं, एक चमत्कार दिसला तर थांबतील. मी तुमच्या पायानं मंडळी उभी करून राहिलो होतो.”

माफ केलं म्हणण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

पुढे आणखी काही वेळाने, जणू स्वतःशीच, ते म्हणाले, “आदामाचा पहिला दिवस कोनता होता? देवानं त्याले सहाव्या दिवशी बनवलं. दुसऱ्या दिवशी उठला तर सातवा. म्हनजे त्याचा पहिला पुरा दिवस विसाव्याचा. त्यानं अजून काडी पन उचलली नव्हती. अन् मी इतकी वर्षं सांगून राहिलो, आधी राबा, मग देव विसावा देईल.”

माझा पाय हातचा चालला होता आणि हा माणूस मला आदाम सांगत होता. मला भयंकर राग आला. मी म्हटलं, “पास्टर, फळी धरा.” त्यांनी धरली. गोंदिया येईपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. उतरल्यावर त्यांच्या तळहाताला फोड आलेले मायने पाहिले आणि मला सांगितलं.

दवाखाना

ऑपरेशन करणारे सर्जन नागपूरहून यायचे होते, त्यासाठी दोन दिवस थांबायचं होतं. त्या दोन दिवसांत उजव्या पायातही मुंग्या सुरू झाल्या. या वेळी मी प्रत्येक मुंगी सांगितली. नर्स आली की सांगायची, झाडूवाली आली तरी सांगायची. “अम्मा, मुझे मालूम है,” नर्स म्हणायची आणि तरी वाकून बघायची. तापमापी, सुई, गोळी, पुन्हा सुई. रेल्वे जंक्शनवरून गाड्यांचे भोंगे सारखे ऐकू यायचे. बाजूच्या खाटेवरची बाई दिवसभर मोबाईलवर मुलाशी हिंदीत भांडायची, आणि मला तिचं ते भांडण फार आवडायचं. जगात काहीतरी नेहमीचं चालू आहे, एवढा धीर त्यातून मिळायचा.

मिस्टर माझ्याशी धड बोलत नव्हते. शेवटी दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणाले, “मी तुले रोज विचारत होतो.” एवढंच. मी म्हणाले, “हो.” त्यांनी माझं डोकं उचलून उशी सारखी केली आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आमगावला थांबलेलं रडणं तिथे निघालं, आधी त्यांचं, मग माझं.

ऑपरेशनच्या सकाळी मायने कानाशी तोंड आणून सांगितलं, “मी माया देवाले सांगितलं, अन् तुया देवाले पन सांगितलं.” एरवी मी तिला यावर प्रवचन दिलं असतं. त्या दिवशी म्हटलं, “बरं केलं माय.”

मला ऑपरेशन खोलीच्या बाहेर स्ट्रेचरवर ठेवलं. आत कोणाचं तरी चालू होतं, वेळ होता. वर भिंतीला ओल आली होती. मी प्रार्थना करायला घेतली, माझी नेहमीची, मोठ्या शब्दांची. शब्द येईनात. इतकी वर्षं पाठ असलेलं काहीच येईना. पुन्हा पुन्हा सुरू करत होते, पुन्हा पुन्हा अडकत होते, आणि घाम फुटला की हे एवढंही मला जमत नाही, तर आत गेल्यावर माझं काय होणार.

मग जीपमधलं ते आठवलं. काडी न उचललेला माणूस, आणि त्याच्यासमोर पुरा एक मोकळा दिवस. त्याने काय केलं असेल त्या दिवशी? काहीच नाही. देवाने केलेलं बघत बसला असेल.

मी म्हटलं, मला भीती वाटते. पाय जातील असं वाटतं. विश्वास किती आहे ते तू बघ, मला आता मोजायचा नाही. ही पाठ तुझी, हे पाय तुझे. मी आता काही करणार नाही.

खोटं सांगत नाही, भीती गेली नाही. छाती धडधडत होती तशीच धडधडत राहिली. पण ती घालवण्याचं काम माझ्याकडून सुटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी पाठ खऱ्या अर्थाने टेकली. आणि मला झोप लागली. गुंगीचं औषध नव्हे, ते आत गेल्यावर मिळालं. नर्सने नाव विचारायला मला हलवून जागं केलं. “अम्मा तो सो गई थी,” ती दुसरीला सांगत होती. “यहाँ कौन सोता है?”

पाय

पाठीत पट्ट्या आणि स्क्रू घातले. शुद्धीवर आल्यावर सर्जनांनी उजव्या तळव्याला टोचलं. मी ओय म्हटलं. ते हसले. डाव्याला टोचलं. मी वाट बघत राहिले.

डावा पाय पुरता आला नाही. गुडघ्यापर्यंत शक्ती परतली, पण पाऊल लोंबतं. बुटात पट्टी घालून, काठी घेऊन मी चालते. त्याच दिवशी फोन केला असता तर कदाचित आला असता, असं डॉक्टर म्हणाले. मी विचारलं म्हणून म्हणाले. हे ऐकून मी बरेच दिवस रडले, आणि अजूनही पायरी चढताना कधी कधी डोळे भरतात. ते लपवत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते. पाय बधिर झाला तर त्याच क्षणी बोला. जो समोर असेल त्याला सांगा. देवाला तुमच्या तोंडचं खोटं बरेपण नको आहे, त्याला तुमचा पाय माहीत आहे. गोळ्या पुऱ्या करा, मध्ये सोडू नका. पाणी प्यायला नळी ठेवा. आणि तुमच्या घरात जो गप्प गप्प वावरतो, त्याला एकदा रडू द्या.

विसाव्याबद्दल मला विचाराल तर मी काही पंडित नाही. आधी वाटायचं, सगळं मिटलं की तो मिळतो. दुखणं जाईल, काम संपेल, मग देव म्हणेल, बस आता. मला तो सगळं टांगणीला असताना मिळाला, आणि मी तो कमावला नव्हता. शाळेत आता मी बसून भाजी चिरते. पातेली दुसरे उतरवतात. शेडमध्ये पास्टर स्वतः झाडू मारतात आणि कोपरे सोडतात. कोपरे मला दिसतात. मी गप्प बसते, जमेल तितकी.

मागच्या आठवड्यात मंडळीतली एक बाई घरी आली. माझ्यासाठी तिनेही उपास धरले होते, तेव्हा तिला बोलायचा हक्क होता. चहा झाला. काठीकडे बघत ती म्हणाली, “राग नका मानू सिस्टर. पन त्या दिवशी तुम्ही उठल्या असत्या ना, तर डावा पाय पन आला असता. विश्वास कमी पडला तुमचा.”

आतल्या खोलीत मायच्या हातातलं काम थांबलेलं मला ऐकू आलं. मी माझ्या पायाकडे बघितलं. पूर्वी या एका वाक्याने मला महिनाभर पोखरलं असतं. मी उत्तरं शोधली असती, वचनं काढली असती, तिच्यापुढे आणि देवापुढे स्वतःची वकिली केली असती.

“पडला असेल,” मी म्हणाले.

ती थांबली. मी अजून काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी म्हटलं, “बसा तुम्ही, माय आहे. मी जरा पडते.” आणि काठी भिंतीला लावून तख्तावर आडवी झाले.

पुढचं मला माहीत नाही. संध्याकाळी मायने सांगितलं. म्हणाली, “ते बिचारी दारात चप्पल घालून राहिली होती, अन् तू इकडे घोरून राहिली होती.”